आबांनी आवळलेलं

आबांनी बंद केलेला नळ आबांशिवाय दुसऱ्या कुणी उघडल्याचं मी माझ्या डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. आबा म्हणजे जळगावचे आमचे घरमालक. त्यांना नाव-आडनाव होतं, पण त्या नावाने गल्लीत त्यांना कुणी हाक मारत नसे, आणि मी तर बोलूनचालून भाडेकरू, माझी काय टाप! रेल्वेत गँगचे मुकादम म्हणून त्यांनी जन्म काढला. भुसावळच्या बाजूला रुळांवरून रोज पायी चालायचं आणि बोल्ट ढिला दिसला की आवळायचा, हेच काम. निवृत्त झाले, रूळ सुटले, पण हातांची सवय काही सुटली नाही. मग त्या हातांनी घरातलं जे जे म्हणून फिरतं, ते ते आवळायला घेतलं.

मी बदलीवर जळगावला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायको न्हाणीतून ओरडली, "अहो, नळ उघडत नाहीये!" आता नवऱ्याने निदान नळ उघडावा, एवढी अपेक्षा कुठलीही बायको करणारच. मी बाह्या सरसावून आत गेलो. आधी हाताने, मग टॉवेल गुंडाळून, मग दात-ओठ खाऊन फिरवला. नळ ढिम्म. शेवटी तोंडात दंतमंजन तसंच ठेवून आबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. आबा आले, त्यांनी नळ असा नुसता चिमटीत धरल्यासारखा धरला, आणि पाणी धो धो सुरू. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "कोकणातले ना तुम्ही? कळण्याची भाकरी खात जा, साहेब." बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मी वरणभातावर पोसलेला माणूस. माझ्या दंडांविषयी यापुढे फार बोलायला नको.

माझ्याशी ते असं शहरी मराठी बोलत. पण राग आला, आनंद झाला किंवा गहिवरून आलं, की अमळनेरकडची अहिराणी आपसूक बाहेर पडे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "ढिलं ऱ्हायनं का गयं!" ढिलं राहिलं की गेलंच म्हणून समजा. रुळावरचा एक बोल्ट ढिला राहिला तर गाडी जाते, इथून सुरुवात करून ते लोणच्याच्या बरणीपर्यंत येत. बरणीचं झाकण ढिलं राहिलं तर लोणचं जातं. खाटेची दावण ढिली राहिली तर कंबर जाते. आणि पोरांचा लगाम ढिला राहिला तर, असं म्हणून ते थांबत आणि दुसराच विषय काढत.

नळाचे वायसर आमच्याकडे सारखे जात. आबांचं निदान ठरलेलं, की भाडेकरू नळ नीट बंद करत नाहीत. प्लंबर आला की मला बाजूला घेऊन सांगे, "साहेब, म्हातारा इतका आवळतो की वायसरचा पापड होतो. त्यांना सांगा ना." मी म्हणे, तूच सांग. तो म्हणे, मला धंदा करायचाय या गल्लीत. मग दोघेही गप्प बसत असू.

एकदा माझ्या चष्म्याची काडी लटपटायला लागली. मी ती आबांसमोर बोटाने ठीकठाक करत होतो, इथेच माझी अक्कल दिसते. त्यांनी चष्मा हातातून घेतला, कुठूनसा बारका पेचकस काढला आणि दोन्ही स्क्रू असे पिळले की काड्या मिटेनात. पुढे जळगावात असेपर्यंत मी चष्मा उघडाच ठेवत असे. ऑफिसात टेबलावर तो पाय ताणून पडलेला असायचा आणि लोक म्हणायचे, साहेबांचा चष्मा साहेबांपेक्षा ताठ आहे.

मागच्या पडवीत एक लेडीज सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती. घरात आबा आणि त्यांची बायको, दोघंच. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. दोघांपैकी कुणी सायकल चालवत नव्हतं. तरी दर रविवारी आबा ती बाहेर काढत, पुसत, तेल देत आणि तिचे सगळे नट एकेक करून आवळत. मी एकदा सहज विचारलं, "कुणाची हो ही?" आबांनी उत्तर दिलं नाही. पाना मात्र असा काही दाबला, की मला त्या सायकलची दया आली.

उत्तर नंतर अक्कांनी माझ्या बायकोला दिलं. त्यांना एकुलती एक मुलगी होती. धुळ्याला कॉलेजात शिकायला ठेवली, तिथेच तिने आपल्या मनाने, जातीबाहेर लग्न केलं. आबा एक शब्द बोलले नाहीत, आणि तो न बोललेला शब्द मग वर्षानुवर्षं तसाच राहिला. तीही बापाचीच लेक. एकदा येऊन दारात उभी राहिली होती, आबांनी मान वर केली नाही, तशी ती पाणीसुद्धा न घेता मागे फिरली. "दोघंबी सारखेच," अक्का म्हणाल्या, "आनी मधात मी."

आता गाडीचं सांगतो. माझ्याकडे एक जुनी अँबॅसिडर होती. सासऱ्यांना ती विकायची होती, गिऱ्हाईक मिळेना, शेवटी त्यांनी ती मोठ्या प्रेमाने जावयाच्या गळ्यात मारली. पेट्रोल भरून तिला रोज फिरवण्याची माझी ऐपत नव्हती. त्यामुळे ती आबांच्या अंगणात लिंबाखाली उभी असे, आणि रविवारी आम्ही तिला मेहरूण तलावावर हवा खायला नेत असू. ऑफिसात मात्र मी गाडीवाला म्हणून मिरवायचो. "स्टेपनी? अहो, मी स्वतः बदलतो, दहा मिनिटांचं काम!" असं मी चारचौघांत सांगितल्याचं मला पक्कं आठवतं. स्टेपनी डिकीत कुठल्या बाजूला असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी आबा सहज गाडीभोवती फिरत होते. पुढच्या चाकाच्या एका नटाला त्यांनी हात लावला, आणि तो फिरला! बोटांनी फिरला! आबांचा चेहरा असा झाला जणू पुलावर रूळ जोडणारी फिशप्लेटच निघाली. "साहेब," ते ओरडले, "तुम्ही यात बायको बसवता?" त्या दिवसापासून दिवेलागणीला आबांनी चारही चाकांचे नट आवळायचे, हा नेम झाला. पाना लावायचा, लिंबाची फांदी धरायची, पान्यावर उभं राहायचं आणि दोन उड्या मारायच्या. मी ओट्यावर चहा पीत ते बघे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट घरमालक भाडेकरूच्या गाडीची चाकरी करतो याचा अभिमान वाटे. ऑफिसात सांगायचो, "आमच्याकडे मेंटेनन्सला कायमचा माणूस आहे." गाढवाला काय कळणार, की त्या प्रत्येक उडीगणिक माझाच खड्डा खणला जातोय!

त्या उन्हाळ्यात आबांच्या मुलीला मुलगी झाली. अक्कांनी आबांना विचारलं नाही, पिशवी उचलली आणि धुळ्याच्या एसटीत बसल्या. बारशाच्या दोन दिवस आधी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात अक्कांचा फोन आला. तो माझ्या बायकोने घेतला. निरोप असा होता, की रविवारी बारा वाजता पाळणा आहे. पोर म्हणते, आबा आले तर आले. नाही आले तर यापुढे बोलावणार नाही, नाव काढणार नाही. "आनी ती बोलस तेच करस," अक्का फोनवर रडत म्हणाल्या.

बायकोने निरोप सांगितला तेव्हा आबा लोणच्याची बरणी बंद करत होते. ते बंदच करत राहिले. एसटीने गेले असते तर स्टँडवर चार ओळखीचे भेटले असते, कुठे निघालात म्हणून विचारलं असतं, आणि लेकीकडे हार खाऊन निघालो हे आबांना तोंडाने सांगावं लागलं असतं. ते काही व्हायचं नव्हतं. माझी बायको माझ्यापेक्षा सर्वच बाबतीत हुशार. ती म्हणाली, "आबा, यांना रविवारी धुळ्याला ऑफिसचं काम निघालंय. या गाडीचा आणि यांचा, दोघांचाही भरवसा नाही. तुम्ही चला ना सोबत, चाकं बघायला."

रविवारी कसलं डोंबलाचं सरकारी काम! पण आबांनी ते विचारलं नाही. बरणीचं झाकण आणखी एकदा पिळून म्हणाले, "चाकं बघायला येतो."

रविवारी उजाडता उजाडता अंगणात आवाज आला म्हणून मी बाहेर डोकावलो. आबा पांढरं स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून चाकांपाशी बसले होते. आज पान्यावर उड्या नव्हत्या. आज पान्याच्या दांड्यात त्यांनी चांगला हातभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला होता, आणि पाइपाच्या टोकाला धरून ते सगळं अंग खाली लोटत होते. "आबा, झालं की हो," मी म्हणालो. "लांबचा रस्ता आहे, साहेब," ते म्हणाले, आणि पुढच्या चाकाकडे सरकले.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. आबा मागे बसले होते, मांडीवर कापडात बांधलेलं एक पुडकं. ते दोन्ही हातांनी धरलेलं. पारोळा सोडून थोडं पुढे गेलो, आणि पुढचं डावं चाक फुसकन बसलं.

वैशाखातलं ऊन. खानदेशातल्या त्या उन्हाची ज्यांना ओळख नाही त्यांना सांगून उपयोग नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, सावलीला एक बाभूळ. मी मोठ्या ऐटीत उतरलो. "दहा मिनिटांचं काम!" जॅक लावला, घामाघूम होत गाडी वर उचलली आणि नटाला पाना लावून जोर केला. नट चाकासकट फिरला. पुन्हा जोर केला, पुन्हा चाक फिरलं. मी चांगलं दोन-चार वेळा ते चाक हवेत गरगर फिरवलं. बायको म्हणाली, "अहो, आधी नट ढिले करायचे असतात ना, आणि मग गाडी उचलायची?" हे तिला कुठून कळलं, देव जाणे. मी गाडी पुन्हा खाली उतरवली.

आता चाक जमिनीवर टेकलं, पण नट हलायला तयार नाही. पाना तापून इस्त्री झालेला. बायकोने आपला रुमाल बरोबर घेतलेल्या माठातल्या पाण्यात बुचकळून दांड्याला गुंडाळला. मी ओढलं, ढकललं, लाथ घातली. मग आबांचं बघून पान्यावर उभा राहिलो आणि उडी मारली. पाना निसटला आणि मी शेजारच्या चारीत, पाय वर. चष्मा तिकडे. काड्या अर्थातच ताठ.

"आबा, तो पाइप!" मी चारीतूनच ओरडलो. "पाइप कुठाय?"

आबा बाभळीखाली मोरीच्या कठड्यावर बसले होते. पुडकं छातीशी. तिथूनच म्हणाले, "घरी."

पाइप लावून आवळायचं आणि पाइप घरी ठेवून निघायचं! मला हसू येईना, रडू येईना. आवळायला लागतो तोच सोडायलाही लागतो, हे आबांच्या कधी मनातच आलं नव्हतं. रेल्वेत त्यांना फक्त आवळायला शिकवलं असावं.

मग आबाही उठले, त्यांनी जोर लावला. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या, पण नट जागचा हलला नाही. आपलीच ताकद आपल्याला भारी पडलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. पाना खाली ठेवून ते पुन्हा कठड्यावर जाऊन बसले आणि हळूच म्हणाले, "जाऊ द्या, साहेब. देवाच्याच मनात नाही. परत जाऊ."

बायको म्हणाली, "परत जायलासुद्धा चाक लागतंच ना, आबा!"

आबांनी तिच्याकडे बघितलं. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

तेवढ्यात बाजूच्या रानातून एक शेतकरी डोक्याला पंचा गुंडाळून आला. "काय व्हयनं, भाऊ?" मी सांगितलं. त्याने एकदा पाना लावून बघितला आणि सरळ उभा राहिला. "हाई चाक कोनी आवळं?"

मी आबांकडे बघितलं नाही. बायकोनेही नाही. आबाच म्हणाले, "गॅरेजवाल्यानी."

"त्या गॅरेजवालाले अक्कल शे का नही?"

"नही," आबा म्हणाले.

तो भला माणूस त्या गॅरेजवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत विहिरीकडे गेला. असा माणूस फटक्याने फोडून काढला पाहिजे, दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो, आपली ताकद दाखवायला दुसऱ्याची वाट अडवतो, असं बरंच काही तो मोठमोठ्याने बोलत होता. आबा एकेक शब्द ऐकत होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पंपाच्या खोलीतून पाइपाचा लांब तुकडा घेऊन तो परत आला, पान्यावर चढवला, आणि आम्ही दोघे टोकाला लोंबकळलो. दोघे म्हणजे तो एक आणि मी पाव. पाइप वाकतोय की काय असं वाटलं, पण नट तसाच. पुन्हा त्या गॅरेजवाल्याला शिव्या.

आबा उठून आले. पुडकं त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिलं. "त्याले शिव्या नका देऊ," ते शेतकऱ्याला म्हणाले. "गॅरेजवाला कोनी नही. मीच आवळेल शे."

शेतकरी ओशाळला. आबांनी पाइपाचं टोक धरलं. "साहेब, व्हा बाजूला." मी झालो बाजूला, त्यात माझा हातखंडा आहे. आबांनी डोळे मिटले आणि सगळं अंग त्या पाइपावर टाकलं. काही झालं नाही. शेतकऱ्याने त्यांच्या शेजारी हात घातला. बायकोने पदर खोचून हात घातला. मग लाजेकाजेस्तव मीही घातला. चौघांचं वजन पडलं तेव्हा कुठे तो नट कट्ट करून ओरडला आणि सुटला. मला वाटलं पाइप मोडला. आबांना वाटलं नट मोडला. ते चाकापाशी बसले, बोटांनी नट फिरवून बघितला. तो फिरत होता. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. घाम होता म्हणायला जागा होती, कारण घाम सगळ्यांनाच आला होता.

बाकीचे नट तसेच एकेक करून ढिले केले. गाडी उचलून स्टेपनी बसवली. आता आवळायची वेळ आली. मी मुकाट्याने पाइपासकट पाना आबांपुढे धरला. आबांनी पाइप काढून शेतकऱ्याला परत दिला, आणि नुसता पाना माझ्या हातात ठेवला.

"तुम्ही आवळा, साहेब."

"मी? किती आवळू?"

"तुमच्या ताकदीनं. तेवढं पुरे."

माझ्या ताकदीची अशी कदर त्याआधी कुणी केली नव्हती, नंतरही केलेली नाही.

धुळ्यात पोचलो तेव्हा बारा केव्हाच टळून गेले होते. अक्का दारातच होत्या. आम्हाला बघून त्या भिंतीला टेकल्या. आत बायका जमलेल्या, मधे फुलांनी सजवलेला पाळणा, आणि तो रिकामा. बाळ दुसऱ्या आजीच्या, म्हणजे जावयाच्या आईच्या मांडीवर. आबांच्या पोरीने पाळणा थांबवून धरला होता. सासरची माणसं कुरकुरली असतील, पण तिने म्हणे कुणाचं ऐकलं नाही.

आबा उंबऱ्यावर थांबले. हात कोपरापर्यंत काळे, धोतरावर ग्रीस. "हात धुवाले पाहिजेत," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले आणि अंगणातल्या नळाकडे वळले. मीही मागोमाग, माझेही हात काळेच. आधी मी पुढे झालो आणि नळ फिरवला.

नळ उघडेना.

मी दुसरा हात लावला. छे! हा अनुभव मला नवीन नव्हता, पण जळगावचा नळ धुळ्याला कसा आला, ते कळेना. मागे कुणाची तरी चाहूल लागली म्हणून वळून बघितलं. मुलगी उभी होती. हातात साबण, खांद्यावर टॉवेल. बापासारखंच रुंद कपाळ, बापासारखीच घट्ट मिटलेली जिवणी. नळ कोणी बंद केला होता, हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

आबांनीही ते बघितलं. त्यांनी हात पुढे केला, नळ धरला, जरा थांबले आणि फिरवला. पाणी आलं. त्या धारेकडे बघत, लेकीकडे न बघता, इतक्या वर्षांनी ते तिच्याशी पहिलं वाक्य बोलले.

"इतलं आवळू नही, माय. वायसर जास."

ती साबण धरून तशीच उभी. मला वाटलं आता ही मागे फिरणार. ती फिरली नाही. म्हणाली, "मंग कितलं आवळू, आबा?"

आबांनी आजूबाजूला बघितलं, आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"ह्या साहेबनाइतलं," ते म्हणाले.

ती हसली, आणि हसता हसता जी रडायला लागली ती थांबेचना. आबांनी काळे हात तसेच तिच्या डोक्यावरून पाठीवर फिरवले, तिच्या नव्या साडीवर ग्रीसचे पंजे उमटले. अक्का धावत आल्या. तिघंही आत गेली. नळ तसाच वाहत होता. तो बंद करायचं कुणालाच सुचलं नाही, म्हणून मी हात धुतले आणि तो बंद केला. माझ्या ताकदीने.

आत जाऊन बसलो. आबा पाळण्याशी बसले होते, पुडक्यातून निघालेलं झबलं-टोपडं मांडीवर, पाळण्याची दोरी बोटांत अलगद धरलेली. सगळे गप्प होते, बाळाच्या कानात नाव सांगायचं चाललं होतं. त्या शांततेत मला अंगणातला नळ ऐकू येत होता. टप, टप. नीट बंद झाला नव्हता. मला ऐकू येत होतं म्हणजे आबांनाही येतच असणार. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

ते उठले नाहीत.